दुसऱ्याच्या मशीनवर

१३ जानेवारी

प्रफुल्लभाऊच्या मशीनवर सेटअप बनला नाही. सुरुवातीलाच पडला.

त्याने फोन स्पीकरजवळ धरला आणि त्याच्या कम्प्युटरने मला एरर वाचून दाखवली — सी, युजर्स, दिव्यानी, डेस्कटॉप, नवीन, नवीन टू. हा फोल्डर सापडत नाही.

"ताई, तुमची स्क्रिप्ट माह्या घरात तुमचं घर शोधून राह्यली," तो म्हणाला.

हसले. मग हसू थांबलं. माझ्या डेस्कटॉपवर 'नवीन टू' नावाच्या फोल्डरमध्ये दोन वर्षांचं काम आहे, आणि ते तिथे आहे हे जगात फक्त मला आणि माझ्या लॅपटॉपला माहीत.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल. प्रफुल्लभाऊला लहानपणीच्या गोवरापासून दिसत नाही. वरोऱ्याला शिकला, आता एटापल्लीत ग्रामसभेच्या ऑफिसात कम्प्युटरवर काम करतो. स्क्रीनवरचं मराठी, हिंदी, इंग्रजी त्याला मशीन वाचून दाखवतं. माडिया दाखवत नव्हतं. त्याची स्वतःची भाषाच तेवढी मुकी. म्हणून आम्ही त्याच्या मोठ्या बहिणीचा, मंगलीबाईचा, आवाज भरला — शब्द, अक्षरं, जोडाक्षरं — आणि ते जोडून वाचणारा प्रोग्राम मी लिहिला. रेकॉर्डिंग, शब्दांची यादी, प्रोग्राम हे सगळं गोळा करून एक सेटअप फाइल बनवायचं काम स्क्रिप्ट करते. ती फाइल कोणत्याही कम्प्युटरवर बसते. पण बनते फक्त चामोर्शीत, माझ्या टेबलावर.

आणि प्रकल्प मार्चअखेर बंद होतोय. प्रकल्प चालवणाऱ्या नागसेनसरांनी आजच सांगितलं.

१५ जानेवारी

पाथ, म्हणजे फोल्डरचे पक्के पत्ते, सगळे काढले. आता स्क्रिप्ट आधी स्वतः कुठे आहे ते बघते आणि तिथून पुढे चालते. माझ्याकडे झकास चालली. ते काही खरं नाही, माझ्याकडे तर ती कालही चालत होती.

म्हणून चामोर्शीच्या बस स्टँडसमोर आदेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, त्याच्या मशीनवर लावली. पडली. त्याच्या कम्प्युटरवर युजरचं नाव 'आदेश झेरॉक्स'. मध्ये मोकळी जागा! स्क्रिप्टला वाटलं आदेश वेगळा आणि झेरॉक्स वेगळं. ती 'आदेश' नावाचा फोल्डर शोधत बसली.

"काऊन, माह्या नावात काही खोट हाये का?" आदेश विचारत होता. नाव चांगलं आहे म्हटलं, पाथभोवती मी अवतरणचिन्हं टाकली नाहीत, खोट तिथे आहे.

मजा येतेय, खरं सांगायचं तर. प्रत्येक मशीन वेगळाच प्रश्न विचारतं. दोन वर्षांत मला एकही विचारला नव्हता.

२१ जानेवारी

एटापल्ली. आष्टी, आलापल्ली करत बसने आले. खनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात, अंग लाल झालं.

प्रफुल्लभाऊचं मशीन जुनं, त्यावर विंडोज नाही, लिनक्स. स्क्रिप्ट लावली. सुरू झाली, फाइली मोजल्या, आणि गप्प. एरर नाही, काही नाही. पंखा तेवढा घरघरत होता.

तो हेडफोन कानाला दाबून बसलेला. मी त्याच्या मागे उभी.

"काही बोललं का?" मी विचारलं.

"नाई."

स्क्रीनकडे वाकून बघितलं. मागच्या बाजूला एक छोटी खिडकी उघडली होती. 'पुढे जाऊ का? होय / नाही.'

"एक खिडकी आली आहे भाऊ. पुढे जाऊ का विचारते."

त्याने हेडफोन काढला. मग म्हणाला, "मले नाई विचारलं."

ती खिडकी मीच टाकलेली, कधीतरी सुरुवातीला. माझ्याकडे रोज येते, रोज मी न बघता एंटर दाबते. दाबते हेही मला माहीत नव्हतं. ज्याच्यासाठी प्रोग्राम लिहिला त्यालाच तो बनवताना डोळे लागतात, हे डोक्यात कसं आलं नाही?

खिडक्या सगळ्या काढायच्या. जे सांगायचं ते साध्या ओळीत सांगायचं. प्रत्येक पायरीला एक ओळ, म्हणजे त्याचं मशीन वाचेल. एरर लाल रंगात येते म्हणून मी खूश होते! लाल कुणाला ऐकू येतो?

दुपारी मंगलीबाई डबा घेऊन आली. आम्ही काय करतोय विचारलं. प्रफुल्लभाऊने माडियात काहीतरी सांगितलं. मला अर्धवट कळलं. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "माहा आवाज तुमच्या चामोर्शीले अडकला म्हणते हा."

हो, तसंच काहीसं, म्हटलं.

"मंग तिथून काढा. मले एक शब्द बदलायचा हाये."

भामरागडकडचे लोक एका शब्दावर हसतात म्हणे. ते लांब ओढून म्हणतात, ही तोडून म्हणते. गेल्या दिवाळीपासून ती सांगतेय, आणि प्रत्येक वेळी मी "पुढच्या सेटअपला" म्हणतेय. कारण पुढचा सेटअप म्हणजे मी, माझा लॅपटॉप, आणि माझी सवड.

२२ जानेवारी

रोज एंटर दाबणारी मीही त्या स्क्रिप्टचा एक भाग होते. तो भाग पेन ड्राइव्हमध्ये जात नाही.

३ फेब्रुवारी

आजचं कोडं: फाइल आहे, डोळ्यांना दिसते, तरी लिनक्स म्हणतं नाही.

सकाळभर फोनवर. प्रफुल्लभाऊने फोल्डर उघडून नाव वाचलं, मी यादी उघडून नाव वाचलं. दोन्हीकडे 'naar', सुरुवातीची काही नावं मी इंग्रजी अक्षरांत टाकलेली. माडियात गाव. शेवटी मी म्हटलं, एकेक अक्षर वाचायला लाव. त्याचं मशीन म्हणालं, "कॅपिटल एन."

माझ्या विंडोजला मोठा एन काय आणि छोटा एन काय, दोन्ही सारखेच. लिनक्सला ती दोन वेगळी गावं. कोण बरोबर? दोघंही. त्यांना कुणी एकमेकांशी बोलायलाच लावलं नव्हतं.

सगळी नावं छोट्या अक्षरांत आणणारी ओळ टाकली.

११ फेब्रुवारी

बनला. प्रफुल्लभाऊच्या मशीनवर सेटअप बनला. त्याने तो तिथेच बसवला आणि मंगलीबाईच्या आवाजात ग्रामसभेच्या ठरावाचा पहिला परिच्छेद ऐकवला. मी इकडे फोन धरून स्वयंपाकघरात उभी. आईने गॅस बंद केला, तीही ऐकत होती.

मग आवाज अडखळला. शब्द, शब्द, शांत. शब्द, शांत.

काही शब्द मुके झालेत. माझ्या सेटअपमध्ये ते सगळे बोलतात.

१४ फेब्रुवारी

मला वाटलं फाइली पेन ड्राइव्हमध्ये खराब झाल्या. नाही, वाजवल्या तर वाजतात. प्रफुल्लभाऊला वाटलं रेकॉर्डिंगच बारीक आवाजात झालंय, म्हणून त्याने मंगलीबाईला पुन्हा माइकसमोर बसवलं. तिने शब्द पुन्हा म्हटले. ते पुन्हा मुके.

ती चिडली. फोनवर मलाही ऐकू आलं. "मी बोलून राह्यली, तुमचं मशीन आयकत नाई, आन् बोल माह्यावर?"

बरोबर आहे तिचं. माफी मागितली. हसली नाही ती.

मुक्या शब्दांची नावं समोर मांडली. वेडेवाकडे, लांब, आखूड, काही ताळमेळ नाही. मग बऱ्याच वेळाने दिसलं. सगळ्यांत 'ड़' आहे. खाली टिंब असलेला. पण 'ड़' असलेले काही शब्द बोलतातही! मग?

१८ फेब्रुवारी

सापडलं. दोघांना मिळून.

मी फोनवर म्हणत होते, यादीतलं नाव आणि फाइलचं नाव अगदी एक आहे, मी दोन्ही खालीवर लावून बघतेय. प्रफुल्लभाऊ बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकत होता. यादीत त्याचं मशीन म्हणालं "ड़". फाइलच्या नावात म्हणालं "ड". पुढची कळ. "नुक्ता."

"ताई, एकीकडे एकच अक्षर हाये. दुसरीकडे दोन."

"पण मला सारखंच दिसतंय."

"दिसत असन."

मग माझं डोकं चाललं. यादी मी ऑफिसच्या कम्प्युटरवर टाइप केली, तिथला कीबोर्ड अख्खं 'ड़' एका दमात टाकतो. रेकॉर्डिंगची नावं मी फोनवर टाकली, तिथे आधी 'ड' आणि मग टिंब. कागदावर एक, मशीनच्या पोटात दोन. बोलणाऱ्या शब्दांच्या फाइलींना मी ऑफिसातच नावं दिली होती. माझ्याकडे चालायचं कारण 'नवीन टू'मध्ये जुन्या फाइलींची एक प्रत पडून होती, दुसऱ्या प्रकारच्या नावांची. स्क्रिप्टला दोन्ही मिळायच्या. कचऱ्याच्या जोरावर दोन वर्षं बरोबर चाललं होतं.

आता स्क्रिप्ट सुरुवातीलाच सगळ्या नावांतला 'ड़' एकाच प्रकारचा करून घेते. मुके शब्द बोलायला लागले.

प्रफुल्लभाऊने मंगलीबाईला सांगितलं, तुझी चूक नव्हती. ती म्हणाली, "ते मले माईतच होतं."

२४ फेब्रुवारी

नागसेनसरांना भेटायला चंद्रपूर. मी उत्साहात सगळं सांगत सुटले, आदेश झेरॉक्सपासून नुक्त्यापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. चांगले आहेत सर, प्रकल्प त्यांनीच उभा केला, तो बंद होण्याचं दुःख माझ्याहून त्यांना जास्त आहे. पण म्हणाले, "दिव्यानी, एवढा खटाटोप कशाले? शेवटचा सेटअप बनव, सगळ्या शाळांत वाटून टाकू. काम पूर्ण झालं म्हणता येते."

शेवटचा सेटअप. ऐकायला किती नेटकं वाटतं.

बसमधून प्रफुल्लभाऊला फोन केला, सरांचं म्हणणं सांगितलं. त्याला राग आला नाही. नुसतं विचारलं, "शेवटचा म्हणजे काय ताई? माही बहीण तर अजून बोलून राह्यली ना."

 बस मूल गावाच्या स्टँडला लागेपर्यंत विचार करत होते. सेटअप पूर्ण होऊ शकतो. भाषा कशी पूर्ण होईल?

२५ फेब्रुवारी

सरांना फोन करून सांगितलं, शेवटचा सेटअप देते, पण त्यासोबत तो बनवायची रीतही देते. ती कुणालाही घेता यावी अशी इंटरनेटवर उघडी ठेवायची. त्यांनी विचार करतो म्हटलं. संध्याकाळी मेसेज आला — मंगलीबाईला विचारलं का? आवाज तिचा आहे.

नव्हतं विचारलं. मला लाज वाटली.

२७ फेब्रुवारी

प्रफुल्लभाऊने विचारलं. समजावायला त्याला बराच वेळ लागला म्हणे. कोणीही घेईल, कुठेही नेईल, बदलेल, आपल्याला कळणारही नाही.

मंगलीबाई म्हणाली, वाईट बोलायले लावतीन का माह्या आवाजाले? प्रफुल्लभाऊ खरं बोलला. लावू शकतीन. ती दोन दिवस घेते म्हणाली.

१ मार्च

तिने हो म्हटलं. एका अटीवर, आवाज कुणाचा आहे ते नावानिशी लिहायचं. गावाचंही नाव.

लिहिलं. स्क्रिप्ट सुरू झाली की पहिली ओळ तीच येते.

४ मार्च

एटापल्लीत टॉवर बंद. प्रफुल्लभाऊ आलापल्लीला कामाला गेला तेव्हा तिथून फोन केला. सेटअप पुन्हा बनत नाही.

आता काय? स्क्रिप्ट प्रत्येक वेळी पॅकिंगचं एक साधन नेटवरून उतरवून घेते, हे मला माहीतच नव्हतं. चामोर्शीत नेट कधी जात नाही म्हणून कधी कळलं नाही. आमच्याकडे रेंज आहे, हेही स्क्रिप्टने धरून चालायचं?

सगळी साधनं फोल्डरमध्येच ठेवली. विंडोजची वेगळी, लिनक्सची वेगळी. फोल्डर जड झाला, पण एका पेन ड्राइव्हमध्ये मावतो आणि कुणाला काही विचारत नाही.

९ मार्च

पुण्याच्या कंपनीतून नोकरीचा होकार आला. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं.

आईला सांगितलं. आई आधी अंगणवाडीत, मग चामोर्शीच्या शाळेत लागलेली, तिच्या हाताखालून अर्धं गाव गेलं. पोरींचं बाहेर जाणं तिला नवं नाही. तरी तिने आधी तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली, "जा बाई. पन तो प्रफुल्ल?"

मी म्हटलं, त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं.

"त्याले सांगितलं का?"

नाही सांगितलं.

१० मार्च

सांगितलं. "चांगलं झालं ताई," म्हणाला, आणि लगेच, "मंग आता तुमी हात लावू नका. मी एकटा बनवून पाहातो. माह्या मशीनवर नाई, दुसऱ्याच्या."

मी म्हटलं अडलं तर फोन कर. तो म्हणाला, नाही करणार. तुम्ही नसाल तेव्हा अडलं तर काय करीन, तेच पाहायचं आहे.

१६ मार्च

मोहफुलं पडायला लागली. मंगलीबाई पहाटेपासून जंगलात. माइकसमोर बसायला तिला सवड नाही, प्रफुल्लभाऊ तिच्या मागेमागे.

२१ मार्च

आज होता तो दिवस. एटापल्लीत दीपिका नावाच्या शिक्षिकेचा नवा लॅपटॉप, आमच्यापैकी कुणाचाही हात न लागलेला. प्रफुल्लभाऊ पेन ड्राइव्ह घेऊन तिच्या शाळेत गेला. मी इकडे कपाट आवरायला काढलं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. मग जवळ आणला. मग आईकडे दिला.

दुपार झाली. काही नाही. मला एकेक शक्यता सुचायला लागली. अँटिव्हायरस. नावात मराठी अक्षरं. तारीख लिहायची पद्धत. अरे हो, तारीख! फाइलच्या नावात तारीख घालते मी, आणि काही मशीन तारखेत तिरक्या रेघा देतात. तिरकी रेघ म्हणजे स्क्रिप्टला नवा फोल्डर. ती दुरुस्त केली नव्हती. हात फोनकडे गेला. आई म्हणाली, "तो नको म्हनला ना?"

बसून राहिले. कठीण होतं.

ऊन उतरताना दीपिकाच्या नंबरवरून एक रेकॉर्डिंग आलं. आधी प्रफुल्लभाऊचा आवाज: "तारखेपाशी अडलं होतं. एरर सगळी वाचून काढली मी. तुमी ओळीत लिहिली म्हणून वाचता आली. तारखेतल्या रेघा काढून टाकल्या." मग मंगलीबाई. भामरागडचे हसतात तो शब्द, तिच्या पद्धतीने तोडून. मग तोच शब्द भामरागडच्या पद्धतीने, लांब. दोन्ही ठेवलेत त्यांनी, ज्याला जो हवा तो निवडता येतो.

मला निवडीचं सुचलंच नव्हतं.

आई म्हणाली, "आता रडतेस काऊन? झालं ना?"

झालं म्हणूनच बहुतेक.

३१ मार्च

ऑफिसचे कम्प्युटर परत केले. नागसेनसरांनी स्वतः वायरी गुंडाळल्या. जाताना विचारलं, "ते कुणालाही घेता येईल असं ठेवलंस?" ठेवलं म्हटलं. "घेईन का कोणी?" माहीत नाही म्हटलं.

'नवीन टू' पुसून टाकला.

२७ एप्रिल

पुणे. इथे आमच्या टीममध्ये सगळ्यांना एकसारखे लॅपटॉप देतात. त्यामुळे कुणाचंही काही अडत नाही, आणि मला जरा कंटाळा येतो. दुपारी जेवताना नुक्त्याची गोष्ट सांगितली, एकाने जेवण थांबवून ऐकली.

प्रफुल्लभाऊचा मेसेज — नवा सेटअप बनवला, तेंदूपत्त्याचे शब्द घातले. मला विचारलं नाही, कळवलं फक्त.

२२ मे

कुणी घेतलं का, ते अधूनमधून बघते. कुणी नाही. सर बरोबर होते बहुतेक. ठीक आहे, एटापल्लीपुरतं चालतंय.

१९ जून

इंद्रावतीच्या पलीकडून, छत्तीसगडच्या एका गावातून पत्र आलंय, हिंदीत. झिंगू नाव. त्यालाही दिसत नाही. मदत मागितलेली नाही. त्याच्याकडे सेटअप पहिल्याच खेपेला बनला. लिहितो — पहिल्या ओळीत मंगलीबाईचं नाव ऐकलं. त्यांचा आवाज मी काढून टाकला आहे, सगळा, त्या जागी माझ्या आईचा भरला. त्यांना वाईट वाटेल का?

प्रफुल्लभाऊला फोन लावला, त्याने मंगलीबाईच्या हातात दिला. मी पत्र वाचून दाखवलं. तिने शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "त्याच्या मायचं नाव नाई सांगितलं त्यानं. इचारा त्याले. आन् म्हना, ते पयल्या ओळीत लिव."